गाजर गवत आणि अंगाची खाज



खुरपणीच्या दिवसांत बांधावरचं गाजर गवत आपण हातानं उपटून टाकतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पापण्या सुजतात, मान लाल होते, कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत खाज सुटते. "उष्णता झाली असेल," असं म्हणून आपण गप्प बसतो. थंडीत जरा बरं वाटतं. पण पुढच्या वर्षी तोच त्रास दुप्पट जोरानं येतो. असं होत असेल तर उष्णतेला बोल लावू नका. अपराधी बांधावरच उभा असेल.

हे गवत आलं कुठून?

गाजर गवत म्हणजेच काँग्रेस गवत. हे मूळचं अमेरिका खंडातलं. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम नजरेस आलं. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं, असं मानतात. एकेक झाड हजारो बिया टाकतं, म्हणून ते बघता बघता देशभर पसरलं. त्यामागोमाग अंगाच्या खाजेच्या तक्रारी वाढल्या. १९७० च्या दशकात पुण्याच्या डॉक्टरांनी आणि शास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला, आणि या खाजेचं मूळ गाजर गवतात आहे हे दाखवून दिलं.

खाज का सुटते?

या झाडाच्या अंगावर बारीक लव असते. तिच्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. पहिल्यांदा हात लागला की लगेच काही होत नाही. कित्येकांना वर्षानुवर्षं त्रास होत नाही. पण काहींच्या शरीराला ते द्रव्य एकदा वावडं झालं, की कायमचं वावडं होतं. मग झाडाला हात लावायचीही गरज नाही. वाऱ्यानं उडालेला वाळल्या पाल्याचा भुगा पुरतो. म्हणूनच कपड्यानं न झाकलेल्या भागावर, म्हणजे तोंड, मान आणि हातांवर, हा रोग आधी दिसतो. पुढं पुढं नुसतं ऊनही सोसत नाही.

हा रोग संसर्गजन्य नाही

एकाचा दुसऱ्याला होत नाही. रोग जुना झाला की चेहऱ्याची कातडी जाड होते, सुरकुत्या पडतात, आणि लोक कुष्ठरोगाची शंका घेतात. माणसाचं ताट-पाणी वेगळं करतात. असं करू नका. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो, त्याला खाज नसते. तरी निदान आपण करू नये, डॉक्टरांकडून करून घ्यावं. कुष्ठरोगही औषधानं बरा होतो, हेही ध्यानात ठेवा.

डॉक्टर काय करतात?

त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर औषधाची पट्टी चिकटवतात. ४८ तासांनी ती काढून, खाली लाली-पुरळ उठली का ते पाहतात. यावरून वावडं कशाचं ते कळतं. नंतर मलम, खाजेच्या गोळ्या देतात. रोग फार जुना असेल तर अ‍ॅझाथायोप्रिन हे औषध देतात. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी या रोगावर त्याचा उपयोग दाखवला आहे. पण ते घेताना वेळोवेळी रक्त तपासावं लागतं.

एक धोक्याची सूचना. दुकानातून स्वतःच स्टिरॉइडचं मलम किंवा गोळ्या आणू नका. चार दिवसांत आराम पडतो खरा, पण मलम फार दिवस लावलं तर कातडी पातळ होते. गोळ्यांनी साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात. बरेच दिवस घेतलेल्या गोळ्या एकाएकी बंद करणंही धोक्याचं असतं.

आपण काय करावं?

• गवत फुलावर येण्यापूर्वीच, जमीन ओली असताना मुळासकट उपटा.
• हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. नाका-तोंडाला फडकं बांधा.
• ज्याला वावडं आहे त्यानं हे काम करू नये. दुसऱ्यानं करावं.
• घरी आल्यावर साबणानं अंग धुवा. ते कपडे इतर कपड्यांत मिसळू नका.
• खाजेवर बिब्बा, चुना, रॉकेल लावू नका. जखम वाढते.
• फुलं येण्याआधी उपटलेलं गवत खड्ड्यात कुजवा. चांगलं खत होतं.
• पडीक जागेत पावसाआधी टाकळ्याचं बी फेका. टाकळा गाजर गवताला दाबून टाकतो.
• पावसाळ्यात या गवतावर पट्ट्यापट्ट्यांचे लहान भुंगे दिसले तर मारू नका. हे मेक्सिकन भुंगे त्याचा पाला खातात. आपल्या देशात १९८४ मध्ये ते बंगळूरला प्रथम सोडले गेले.

एकट्यानं बांध साफ करून भागत नाही. शेजारच्या पडिकातलं बी वाऱ्यानं, पाण्यानं पुन्हा आपल्याकडंच येतं. म्हणून सगळ्या गावानं मिळून एक दिवस ठरवा. रस्त्याकडा, शाळेचं पटांगण, गावठाण साफ करा. औषधानं खाज दबते. पण गवत राहिलं तर खाज पुन्हा येणारच.