कोरो किती मोठा? कुठे विचारताय त्यावर आहे!

घाईत इअरफोन घरी विसरलेल्यांसाठी आजचा एपिसोड लिहून काढलाय.

आधी एक कबुली. २०१७ मध्ये एफसी गोवाने फेरान कोरोमिनास, म्हणजे आपल्या कोरोला घेतलं, तेव्हा मी मित्रांच्या ग्रुपवर टाकलं होतं, "३४ वर्षांचा आहे रे, पेन्शन घ्यायला आलाय." त्याच सीझनला भावाने १८ गोल मारले आणि आयएसएलचा गोल्डन बूट नेला. तो मेसेज मित्र अजून वर काढतात.

माझं चुकलं कुठे? मी नाव ऐकलं नव्हतं, म्हणून प्लेयर साधा असं धरून चाललो. पण नाव न ऐकण्याचं कारण वेगळंच होतं.

कोरो एस्पान्योलचा. हा क्लब बार्सिलोना शहरातलाच, पण मोठ्या शेजाऱ्याच्या सावलीत. १३ मे २००६, सीझनची शेवटची मॅच, समोर रेआल सोसिएदाद. ९० मिनिटं झाली तरी ०-०. टीम सेकंड डिव्हिजनला जाणार अशी वेळ. ९१व्या मिनिटाला कोरोने गोल मारला आणि क्लब वाचला. बरोबर चार दिवसांनी बार्साने पॅरिसमध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली. जगाने काय लक्षात ठेवलं असेल, सांगा बरं! एस्पान्योलवाल्यांना मात्र कोरोचा तो गोल आजही आठवतो.

आता दुसरा प्रश्न. स्पेनमध्ये मोजकेच गोल करणारा माणूस गोव्यात एवढे कसे मारतो? "आपली लीग सोपी" हे अर्धंच उत्तर झालं. एस्पान्योलमध्ये तो बऱ्याचदा विंगवर खेळायचा, पुढे तामुदोसारखा स्ट्रायकर असायचा. गोव्यात कोच सर्जियो लोबेराने त्याला थेट गोलसमोर उभं केलं. मागून ब्रँडन, बूमूस, एदू बेदिया बॉल पुरवणार. आम्ही कोड लिहिणारे याला म्हणतो, प्रोग्रॅम तोच, फक्त सर्व्हर बदलला.

पुढचा हिशोब बघा. २०१८-१९ मध्ये १६ गोल, पुन्हा गोल्डन बूट. २०१९-२० मध्ये १४. एकूण आयएसएलमध्ये ५७ मॅचमध्ये ४८ गोल. २०१९ चा सुपर कप जिंकला. २०२० मध्ये गोवा लीगमध्ये पहिला आला आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या ग्रुप स्टेजला पोचणारा पहिला भारतीय क्लब ठरला.

म्हणजे माद्रिदमध्ये विचाराल तर कोरो एक बरा खेळाडू. एस्पान्योलच्या माणसाला विचाराल तर क्लब वाचवणारा. आणि मडगावला फातोर्डा स्टेडियमबाहेर विचाराल, तर जरा निवांत वेळ काढून जा, कारण समोरचा लवकर थांबणार नाही.

फॉलोअर्सचा आकडा फक्त किती लोक ओळखतात ते सांगतो. कोणासाठी काय केलं, ते त्या आकड्यात येत नाही. मी तिथेच फसलो होतो.

तुमच्या गावाचा कोरो कोण? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडला!