दिवाणखान्यातला टीव्ही, लॅपटॉपचा दुसरा पडदा

भिंतीवरचा टीव्ही वायफायवरून लॅपटॉपचा दुसरा पडदा होऊ शकतो. तार ओढावी लागत नाही आणि टीव्ही अलीकडचा असेल तर बहुधा वेगळे यंत्रही विकत घ्यावे लागत नाही. पण तारेने जोडलेला पडदा आणि हवेतून जोडलेला पडदा यांची जात वेगळी आहे. एचडीएमआयच्या तारेतून प्रत्येक ठिपक्याचा रंग जसाच्या तसा टीव्हीपर्यंत पोचतो. १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकाला २४ बिट, सेकंदाला ६० वेळा, असा हिशेब मांडला तर सेकंदाला सुमारे ३ अब्ज बिट होतात. घरच्या वायफायला हे ओझे झेपणारे नाही. म्हणून लॅपटॉप आपल्या चित्राचा जागच्या जागी व्हिडिओ बनवतो, एच.२६४सारख्या पद्धतीने तो दाबून लहान करतो आणि टीव्ही तो उलगडून दाखवतो. अब्जांचे ओझे त्यामुळे एक-दोन कोटी बिटांवर उतरते. टीव्हीवर दिसते ते संगणकाचे थेट प्रक्षेपण असते. पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ इथे आहे.

ही सोय एका कंपनीची नाही. इंटेलचे वायडाय आणि अ‍ॅपलचे एअरप्ले २०१० मध्ये आले. वायफाय अलायन्सने २०१२ मध्ये मिराकास्ट हे सामाईक मानक आणले आणि २०१३च्या विंडोज ८.१ मध्ये ते अंगभूत झाले. त्याच वर्षी अ‍ॅपलच्या मॅव्हरिक्स आवृत्तीने अ‍ॅपल टीव्हीला जोडलेला पडदा स्वतंत्र पडदा म्हणून वापरू दिला. लिनक्सवर गनोम नेटवर्क डिस्प्लेज हा कार्यक्रम हेच काम करतो. कल्पना मात्र याहून जुनी आहे. एमआयटीमध्ये १९८४ साली सुरू झालेली एक्स विंडो प्रणाली एका संगणकावरच्या कामाची खिडकी जाळ्यावरून दुसऱ्या संगणकाच्या पडद्यावर उघडत असे. ती व्हिडिओ पाठवत नसे. ‘इथे रेघ काढ, इथे अक्षर लिही’ अशा आज्ञा पाठवत असे.

क्रोमकास्टही २०१३ मध्येच आले आणि तेव्हापासून ‘कास्ट करणे’ हा शब्द सरसकट वापरला जातो. त्यात गफलत होते. यूट्यूबचा व्हिडिओ कास्ट केला की फोन टीव्हीला फक्त पत्ता देतो. व्हिडिओ टीव्ही स्वतः इंटरनेटवरून आणतो. दुसऱ्या पडद्याशी त्याचा संबंध नाही. लॅपटॉपवर दिसते तेच टीव्हीवर दाखवणे म्हणजे प्रतिबिंब, तेही दुसरा पडदा नाही. खरा दुसरा पडदा म्हणजे विस्तार: लॅपटॉपवर एक काम, टीव्हीवर दुसरे, आणि माऊसचा बाण एकीकडून दुसरीकडे जाणारा.

विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि के दाबली की जवळपासच्या टीव्हींची यादी येते. टीव्ही निवडला की तो आपण किती ठिपक्यांचे चित्र दाखवू शकतो ते लॅपटॉपला कळवतो आणि लॅपटॉप तेवढ्या मापाचा पडदा गृहीत धरतो. मग विंडोज आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडायचे. यानंतरची पायरी अनेकजण गाळतात. डिस्प्ले सेटिंगमध्ये दोन चौकोन दिसतात. टीव्ही लॅपटॉपच्या वर भिंतीवर असेल तर त्याचा चौकोनही वर ओढून ठेवावा. नाहीतर बाण उजव्या कडेने बाहेर पडतो आणि टीव्हीवर शोधत बसावे लागते.

सापडलेला बाणही हात हलल्यानंतर जरा उशिराने हलतो. चित्र दाबणे, पाठवणे, थोडा साठा करणे, उलगडणे, शिवाय टीव्हीची स्वतःची रंगसफाई, या सगळ्याला मिळून सेकंदाचा दहावा भाग सहज लागतो, कधी अधिकही. सिनेमा बघताना हे जाणवत नाही, टाइप करताना फार जाणवते. टीव्हीत ‘गेम मोड’ असेल तर तो लावावा, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी. उशीर कमी होतो, पण जात नाही. त्यामुळे ज्याकडे बघायचे ते टीव्हीवर आणि ज्याला हात लावायचा ते लॅपटॉपवर, ही विभागणी सर्वांत टिकाऊ ठरते. व्याख्यानाचा व्हिडिओ वर, टिपणे खाली. मूळ कागदपत्र वर, मसुदा खाली.

वाचनाचा प्रश्न मात्र अंतराचा आहे. दोन फुटांवरच्या २४ इंची मॉनिटरवरचे अक्षर आठ फुटांवरच्या ४३ इंची टीव्हीवर निम्म्याहूनही लहान भासते. टीव्ही मोठा असूनही! म्हणून त्या पडद्यापुरते स्केलिंग १५० किंवा २०० टक्के करावे लागते. देवनागरीसाठी तर हे अत्यावश्यक आहे. व्हिडिओ दाबताना रंगाचा तपशील चार ठिपक्यांमागे एक एवढाच ठेवतात, त्यामुळे रंगीत पार्श्वभूमीवरची रंगीत अक्षरे कडेला फिसकटतात. अनुस्वाराचा ठिपका आणि रफार यांचा बळी आधी जातो. पांढऱ्यावर काळे, ठळक, मोठे असे ठेवले की मराठी मजकूर नीट वाचता येतो. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर तो जुन्या काचेच्या टीव्हींपासून चालत आलेला ‘ओव्हरस्कॅन’ असतो. टीव्हीच्या चित्र-मापाच्या सेटिंगमध्ये तो बंद करता येतो.

चित्र अडखळू लागले की दोष टीव्हीला दिला जातो. कारण बहुधा हवेत असते. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. मुंबई-पुण्याच्या इमारतीत तिथे अख्ख्या मजल्याची वायफाय दाटलेली असतात, म्हणून ५ गिगाहर्ट्‌झ वापरावा. मिराकास्टमध्ये आणखी एक गुंता आहे. लॅपटॉप राउटरला वगळून थेट टीव्हीशी बोलतो आणि त्याच रेडिओवर त्याचे इंटरनेटही चालू असते. दोन्हींचे चॅनेल वेगळे असले तर रेडिओला सतत इकडून तिकडे उड्या माराव्या लागतात. विंडोज १० मध्ये २०१७ पासून राउटरमार्गे जाण्याची सोय आहे, पण टीव्हीनेही ती ओळखली पाहिजे. तसे असेल तर टीव्ही लॅनच्या तारेने राउटरला जोडणे हा सर्वांत चांगला उपाय. टीव्हीमागचा जॅक १०० एमबीपीएसचा असला तरी या कामाला पुरून उरतो.

जुन्या टीव्हीला मिराकास्टची एचडीएमआय कांडी लावता येते. किंवा रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक जोडून त्याच्या ब्राउझरमध्ये स्पेसडेस्क उघडता येते; हा कार्यक्रम विंडोज लॅपटॉपला खोटा मॉनिटर जोडल्याचे भासवतो आणि त्याचे चित्र घरच्या जाळ्यावरून पाठवतो.

जोडणी होताच आवाजही टीव्हीकडे जातो. मीटिंगमध्ये टीव्हीतला उशिराचा आवाज लॅपटॉपच्या माइकमध्ये शिरून घुमतो, तेव्हा आवाजाचे साधन पुन्हा लॅपटॉप करावे. चित्रपटांच्या सशुल्क सेवांचे संरक्षित व्हिडिओ काही जोडण्यांवर काळेच दिसतात. तिथे टीव्हीवरचे त्या सेवेचे अ‍ॅप बरे. टीव्हीला जोडताना पिन मागण्याची सोय चालू ठेवावी, म्हणजे शेजारचा फोन चुकून आपल्या पडद्यावर येत नाही. मुख्य पडदा मात्र लॅपटॉपच राहू द्यावा: विंडोजच्या सूचना मुख्य पडद्यावर उमटतात, आणि बँकेचा ओटीपी दिवाणखान्यातल्या पाहुण्यांसमोर भिंतीवर झळकत नाही.