केसाहून बारीक रक्तवाहिनीतला दाब

तासगावचा द्राक्षबागायतदार असो की वाळव्याचा ऊसवाला, ठिबक चालू केलं की त्याची नजर आधी फिल्टरजवळच्या प्रेशर गेजकडे जाते. दाब कमी पडला तर शेवटच्या ड्रिपरपर्यंत पाणी पोचत नाही. प्रमाणाबाहेर वाढला तर जाळी फाटते आणि गाळ पुढे निघून जातो. आपल्या प्रत्येक किडनीत अशा सुमारे 10 लाख गाळण्या आहेत. एकेक गाळणी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला रक्तातून सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि दीड-दोन लिटर लघवी सोडून बाकी सगळा पुन्हा रक्तात घेतात. आणि जन्मानंतर यातली एकही गाळणी नव्याने तयार होत नाही!

प्रत्येक गाळणीत रक्त आणणारी एक वाहिनी असते आणि ते बाहेर नेणारी दुसरी. दोन्ही केसाहून बारीक, आणि दोन्ही गरजेप्रमाणे आकसतात, सैलावतात. गाळणीतला दाब ठरतो तो या दोघींच्या ताळमेळावर. बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं की या वाहिन्यांच्या भिंती जाड होतात. काही गाळण्या रक्ताविना सुकतात, त्यांचं काम उरलेल्यांवर पडतं, त्यांच्यातला दाब वाढतो आणि मग त्याही झिजतात. लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जाऊ लागतं. माणसाला मात्र काही दुखत नाही, खुपत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन हे टाकाऊ द्रव्य ठळकपणे वाढतं तोवर किडनीची निम्म्याच्या आसपास ताकद गेलेली असते.

गाळण्यांतला हा दाब उतरवण्याची पहिली वाट सापाच्या विषातून निघाली. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे. तो चावला की माणसाचं बीपी एकदम कोसळतं. 1960च्या दशकात सर्जिओ फरेरा यांनी त्या विषातला कारणीभूत घटक शोधला आणि तो लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत नेला. शरीरात अँजिओटेन्सिन हे रक्तवाहिन्या आवळणारं रसायन तयार होतं. विषातला घटक ते तयारच होऊ देत नव्हता. त्यावरून कुशमन आणि ओंडेटी या संशोधकांनी 1975 साली कॅप्टोप्रिल घडवलं.

नवल पुढेच आहे. अँजिओटेन्सिन सर्वांत जोरात आवळतं ते गाळणीतून बाहेर जाणाऱ्या वाहिनीला. ते रोखलं की ती वाहिनी सैलावते आणि गाळणीतला कोंडलेला दाब उतरतो. मधुमेही रुग्णांवरच्या 1993 सालच्या एका मोठ्या चाचणीत दिसलं, की नुसतं बीपी उतरल्यामुळे किडनी जितकी वाचेल, त्याहून जास्त ती कॅप्टोप्रिलमुळे वाचली.

याच अँजिओटेन्सिनला दुसऱ्या जागी अडवणारी टेल्मिसार्टन ही गोळी आज साताऱ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मिळते. 2017 साली देशात 'इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह' हा बीपी-नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला, तेव्हा पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले चारच जिल्हे होते: सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. ठरलेल्या मोजक्या गोळ्या, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि ठरल्या वेळी पुन्हा तपासणी, इतकी साधी ही पद्धत. ज्या ज्ञानासाठी तीन खंडांतली माणसं राबली, ते जावळीच्या खोऱ्यातल्या आजीच्या ओंजळीत पडतं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

दुसरी वाट सफरचंदाच्या झाडाची. 1835 साली त्याच्या मुळाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं कडू द्रव्य काढलं गेलं. ते दिलं की लघवीतून साखर जाते, हे 1886 साली कळलं. शंभराहून जास्त वर्षांनी त्याच धाग्यावरून मधुमेहाची डॅपाग्लिफ्लोझिन ही गोळी आली. ती किडनीला साखरेबरोबर मीठही परत घेऊ देत नाही. ते मीठ गाळणीपुढच्या नळीतल्या एका संवेदक पेशीगटापाशी पोचतं. 'गाळण जास्त होतंय' असा निरोप तिथून निघतो आणि रक्त आत आणणारी वाहिनी किंचित आकसते. म्हणजे टेल्मिसार्टन गाळणीतून रक्ताला मोकळं बाहेर जाऊ देते आणि ही गोळी आत येणारा लोंढा आवरते. दोन्हींनी गाळणीवरचा ताण हलका होतो.

2020 सालच्या एका चाचणीत 4,304 किडनीरुग्णांना डॅपाग्लिफ्लोझिनची गोळी किंवा तशीच दिसणारी निष्प्रभ गोळी दिली गेली. त्यांत मधुमेह नसलेलेही होते, बीपीने किडनी बिघडलेलेही होते. किडनी वेगाने ढासळण्याचा, निकामी होण्याचा किंवा किडनी वा हृदयविकाराने मृत्यू येण्याचा एकत्रित धोका 39 टक्क्यांनी घटला. त्याच सुमारास भारतात तिच्या मूळ पेटंटची मुदत संपली आणि इथल्या अनेक कंपन्यांनी ती स्वस्तात आणली.

आता चाचण्यांत असलेलं झिलेबेसिरान तर मुळाशीच हात घालतं. अँजिओटेन्सिनचा कच्चा माल यकृतात तयार होतो. तो तयार करायचा जनुकीय निरोपच हे इंजेक्शन पुसून टाकतं. एका टोचणीचा असर सहा महिन्यांपर्यंत टिकल्याचं दिसलं आहे. त्याने किडनी किती वाचते, हे मात्र अजून सिद्ध व्हायचं आहे.

मिरजेत किंवा कऱ्हाडला आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिसला जाणाऱ्या घराला विचारा, या शोधांची किंमत काय ते. यातलं कुठलंही औषध सुकलेली गाळणी जिवंत करत नाही. उरलेल्या गाळण्या मात्र ही औषधं राखू शकतात. म्हणून बीपी असेल तर वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या, डॉक्टरांना विचारल्याशिवाय अंगदुखीच्या गोळ्या घेऊ नका, आणि बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करू नका. बरं वाटत असतानाच ती सर्वांत जास्त गाळण्या वाचवत असते.