फवारा आणि श्वास

विठ्ठलवाडी स्थानकापासून विद्यालयाच्या फाटकापर्यंत चालत येताना वाटेत किती प्रकारचे फवारे दिसतात, याची नोंद आम्ही एकदा विद्यार्थ्यांकडून करवून घेतली. यादी आमच्या अपेक्षेपेक्षा लांबली. केशकर्तनालयातील पाण्याची बाटली, इस्त्रीवाल्याचा फवारा, फुलांच्या हारांवर शिंपडले जाणारे पाणी, काचा पुसण्याचे निळे द्रावण, गॅरेजमधील रंगाची स्प्रे गन, औषधाच्या दुकानातील दम्याचा पंप, किराणा दुकानातील डास व झुरळे मारण्याचे डबे, अंगाला मारण्याचे सुगंधी डबे आणि संध्याकाळी गल्लीतून फिरणारी धुराची गाडी. मुलांनी यादी लिहून आणली, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हे सगळे एकच आहे का?" त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. त्यामागे एक घटनाही आहे, ती आम्ही आधी सांगतो.

पावसाळ्यातील संध्याकाळ होती. वालधुनीच्या काठच्या या वस्तीत पावसाळा म्हणजे डासांचा हंगाम. मुले वंदनेसाठी सभागृहात गेली असताना आमच्यापैकीच एका शिक्षकाने वसतिगृहाच्या मोठ्या खोलीत डास मारण्याचा फवारा मारला आणि दारे-खिडक्या लावून घेतल्या. हेतू चांगलाच होता. परंतु पावसाची सर आली, वंदना लवकर आटोपली आणि मुले नेहमीच्या वेळेआधीच खोलीत परतली. पाऊस आत येईल म्हणून कोणी खिडकी उघडली नाही. काही मिनिटांतच सातवीतील एका मुलाला धाप लागली. त्याला दमा आहे, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. त्याला व्हरांड्यात आणून बसविले, त्याच्या दप्तरातील पंप दिला आणि अर्ध्या तासाने त्याचा श्वास पूर्ववत झाला.

त्या रात्री आम्हांला नीट झोप लागली नाही. ज्याने मुलाचा श्वास कोंडला तो फवारा होता आणि ज्याने तो मोकळा केला तोही फवाराच होता. मग फरक कशात आहे?

थेंबाचे गणित

फवारा म्हणजे द्रवाचे अतिशय बारीक थेंबांत केलेले विभाजन. त्याचे सारे गुण व सारे दोष या एकाच गोष्टीतून येतात. एक मिलिलिटर द्रव घेतला आणि त्याचा एकच गोल थेंब कल्पिला, तर त्याचे पृष्ठफळ सुमारे ५ चौरस सेंटिमीटर भरते. त्याच द्रवाचे १० मायक्रॉन व्यासाचे थेंब केले, तर सुमारे १९० कोटी थेंब होतात आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ ६००० चौरस सेंटिमीटर होते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, यावरून या थेंबाच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. थोड्या औषधात मोठा भाग व्यापला जातो, हा फवाऱ्याचा लाभ.

आता दुसरी बाजू पाहू. १०० मायक्रॉनचा थेंब दोन मीटर उंचीवरून सात-आठ सेकंदांत खाली बसतो. १० मायक्रॉनच्या थेंबाला स्थिर हवेत दहा-अकरा मिनिटे लागतात. एक मायक्रॉनचा थेंब कित्येक तास तरंगत राहतो. इस्त्रीवाल्याचे पाणी कपड्यावरच पडते, कारण त्याचे थेंब मोठे असतात. डास मारण्याचा फवारा मुद्दाम बारीक केलेला असतो, कारण तो उडत्या डासापर्यंत पोहोचावा लागतो. मात्र जो थेंब डासासाठी हवेत थांबतो, तो माणसासाठीही थांबतो. मोठे थेंब नाकात व घशात अडकतात. पाच मायक्रॉनहून लहान थेंब फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत जातात. दम्याचा पंप नेमक्या याच गुणाचा उपयोग करतो. फवारा हे वाहन आहे. त्यात काय बसविले आहे आणि ते कोणाच्या श्वासात उतरते, यावर त्याचे बरेवाईट ठरते.

डब्याच्या आत

दाबताच फवारा सोडणाऱ्या डब्यात औषधाबरोबर दाबाखाली द्रवरूप झालेला वायू भरलेला असतो. झडप उघडताच तो बाहेर येऊन क्षणात वायुरूप होतो आणि औषधाचे बारीक थेंब उडवितो. अशा डब्याची कल्पना नॉर्वेच्या एरिक रोथाइम यांनी १९२० च्या दशकात मांडली; दुसऱ्या महायुद्धात सैनिकांचे डासांपासून रक्षण करण्यासाठी अमेरिकेत तिचा मोठा प्रसार झाला. १९५५ साली एका अमेरिकी औषध कंपनीच्या प्रमुखाच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारले, की केसांचा फवारा डब्यात मिळतो तसे माझे औषध का मिळत नाही? पुढच्याच वर्षी मोजक्या मात्रेचा पहिला पंप बाजारात आला. आमच्या सातवीतल्या मुलाच्या दप्तरातील पंपाचा उगम एका मुलीच्या प्रश्नात आहे, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

पूर्वी या डब्यांत क्लोरोफ्लुरोकार्बन नावाचे वायू वापरीत. ते जळत नाहीत, विषारी नाहीत, म्हणून निर्धोक मानले जात. मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखविले, की हे वायू उंच वातावरणात जाऊन ओझोनचा थर नष्ट करू शकतात. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनची मोठी घट उघड झाली. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला आणि १९९२ मध्ये भारत त्यात सहभागी झाला. आज ओझोनचा थर हळूहळू भरून येत आहे. घराघरांतील एका सवयीने आकाशाला केलेली इजा जगाने एकत्र येऊन थांबविली, असे हे उदाहरण आहे. आजच्या डब्यांत बहुधा ब्युटेन व प्रोपेन, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचे वायू असतात. ते ओझोनला इजा करीत नाहीत, परंतु चटकन पेट घेतात. म्हणून शेगडी, दिवा किंवा पेटत्या उदबत्तीजवळ डबा कधीही वापरू नये, उन्हात ठेवू नये आणि रिकामा झाला तरी आगीत टाकू नये.

डास आणि औषध

जुन्या पिढीला 'फ्लिट मारणे' हा शब्दप्रयोग आठवत असेल. पत्र्याच्या पिचकारीने घरोघर औषध मारले जाई. नंतर डीडीटी आले. त्याची कीटकनाशक शक्ती पॉल म्यूलर यांनी १९३९ मध्ये ओळखली आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात स्वातंत्र्याच्या सुमारास दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि सुमारे आठ लाख माणसे दगावत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू होऊन घराच्या भिंतींवर डीडीटीची फवारणी झाली आणि १९६५ च्या सुमारास रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास आली. फवाऱ्याने वाचविलेले हे प्राण विसरणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि डासांत औषधाला न जुमानण्याची शक्ती आली, कामात शिथिलता आली आणि १९७६ मध्ये रुग्णसंख्या पुन्हा ६४ लाखांवर गेली. केवळ फवाऱ्यावर विसंबून राहणे किती अपुरे आहे, हे त्या आकड्यांनी शिकविले.

आज घरगुती फवाऱ्यांत प्रायः पायरेथ्रॉइड गटातील द्रव्ये असतात. शेवंतीच्या कुळातील एका फुलातील कीटकनाशक द्रव्यावरून ती बनविण्यात आली. ती कीटकाच्या मज्जासंस्थेवर आघात करतात. माणसाच्या शरीरात त्यांचे विघटन पुष्कळसे लवकर होते, म्हणून ती तुलनेने सौम्य ठरतात. परंतु सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. दमा असणाऱ्याला ती त्रासदायक ठरतात आणि माशांना तर फारच घातक असतात. धुराच्या गाडीचेही तसेच. तो धूर म्हणजे तेलात मिसळलेल्या कीटकनाशकाचे अतिसूक्ष्म थेंब असतात. ते उडते डास मारतात, पाण्यातील अळ्यांना त्यांचा काहीच उपद्रव होत नाही. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे आज धूर केला आणि पिंपातील पाणी तसेच ठेवले, तर पुढल्या आठवड्यात नवे डास हजर.

पाठीवरचा पंप

आमच्या वसतिगृहातील काही मुलांचे आईवडील विदर्भ-मराठवाड्यात शेतमजुरी करतात. त्यांच्यासाठी फवारणी म्हणजे रोजगार. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीपर्यंत वाढली होती व दाटही होती. त्यामुळे फवारा पायाशी न राहता चेहऱ्यावर येत होता. अनेकांनी दोन-तीन औषधे एकत्र मिसळली होती. हातमोजे, मुखपट्टी, चष्मा बहुतेकांकडे नव्हते. उकाड्यात अंग घामाने भिजलेले होते आणि ओल्या कपड्यांतून विष कातडीत मुरत होते.

शेतीत वापरली जाणारी ऑर्गनोफॉस्फेट गटातील औषधे शरीरातील एका विकराचे काम बंद पाडतात. त्यामुळे मज्जातंतूंचा स्नायूंना जाणारा संदेश थांबतच नाही. लाळ व घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधुक दिसते, स्नायू फडफडतात आणि अखेरीस श्वास थांबतो. असे दिसताच माणसाला मोकळ्या हवेत आणावे, कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे, ओकारी काढू नये आणि औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठीसह तत्काळ रुग्णालयात न्यावे. कोणते विष ते कळले, तर डॉक्टरांना उतारा देणे सोपे जाते.

प्रत्येक कीटकनाशकाच्या वेष्टनावर कोनावर उभा असलेला एक चौकोन छापलेला असतो. त्यात लाल रंग असेल तर अत्यंत विषारी, पिवळा असेल तर अतिविषारी, निळा असेल तर मध्यम आणि हिरवा असेल तर सौम्य, असा त्याचा अर्थ. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी केलेली ही सोय आहे. पण तिचा अर्थ कोणी समजावून सांगितलाच नाही, तर ती सोय व्यर्थ. सुटीत गावी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे चार रंग आईवडिलांना समजावून सांगावेत, ही आमची विनंती आहे. बुद्धांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत विषाचा व्यापार आहे. विष हाताळणे ज्यांना पोटासाठी भाग पडते, त्यांना निदान त्याची ओळख करून देणे हे आपले कर्तव्य ठरते.

शेजारच्या उल्हासनगरात लाकडी सामानाचा मोठा बाजार आहे. तेथे आणि गॅरेजमध्ये काम करणारे काही पालकही आमच्या परिचयाचे आहेत. स्प्रे गनमधून उडणाऱ्या रंगाबरोबर थिनरची वाफ असते आणि दोन डब्यांतील द्रव्ये मिसळून करावयाच्या काही रंगांत व पॉलिशांत आयसोसायनेट असते. त्याने निरोगी माणसालाही दमा जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल रंगाचे मोठे कण अडवितो, वाफ अडवीत नाही. त्यासाठी कोळशाची गाळणी असलेला मुखवटा आणि वाहती हवा लागते.

माणसावर फवारा

मार्च २०२० मधील एक दृश्य आम्ही विसरू शकत नाही. टाळेबंदीत गावाकडे परतणाऱ्या मजुरांना उत्तर प्रदेशातील बरेली येथे रस्त्यावर बसवून त्यांच्यावर जंतुनाशक द्रावण फवारण्यात आले. त्यांत बायका व मुलेही होती. पुढे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने माणसांवर अशी फवारणी करू नये, ती शरीराला व मनालाही अपायकारक आहे, असे स्पष्ट केले. ज्या समाजाने शतकानुशतके 'विटाळ' सोसला, त्याच्या मुलांना या दृश्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. नळी हाती धरणाऱ्याने समोरच्याला माणूस म्हणून पाहिले, तर असे घडत नाही.

आम्ही काय बदलले

त्या संध्याकाळनंतर वसतिगृहात काही नियम केले. पहिला नियम पाण्याचा. दर आठवड्याला एक दिवस सर्व पिंपे, बादल्या व कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करून घासून कोरड्या केल्या जातात. टाकीला झाकण, हौदात गप्पी मासे. दुसरा नियम मच्छरदाणीचा. "पहिले शील पाळायचे तर डास मारावा का?" असे मुले दरवर्षी विचारतात. जन्मूच न देणे आणि जवळ येऊ न देणे, हे उत्तर विज्ञानालाही मान्य आहे. तिसरा नियम, फवारा मारावाच लागला तर खोली रिकामी असताना, अन्न-पाणी झाकून, मोठ्या माणसानेच मारावा. सांगितलेला वेळ दार बंद ठेवावे, नंतर खिडक्या उघडून अर्धा तास हवा खेळू द्यावी आणि तोवर दारावर पाटी लावावी. चौथा, सुगंधी फवारा व्हरांड्यात मारावा, झोपायच्या खोलीत नव्हे. पाचवा, सफाईचे द्रावण हवेत न फवारता फडक्यावर घ्यावे आणि ब्लीचमध्ये संडास धुण्याचे आम्ल कधीही मिसळू नये, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

शेवटचा नियम रिकाम्या डब्यांचा. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका शाळेत माध्यान्ह भोजनानंतर २३ मुले दगावली; स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. म्हणून औषधाचा डबा स्वयंपाकघराच्या जवळपासही ठेवावयाचा नाही आणि रिकामा झाल्यावर त्यात दुसरे काही भरावयाचे नाही.

दारावरच्या पाटीची जबाबदारी आता त्याच मुलाकडे आहे. तो यंदा आठवीत गेला. खोलीत फवारा मारला, की तो घड्याळ पाहून व्हरांड्यात थांबतो, वेळ झाल्यावर स्वतः खिडक्या उघडतो आणि मगच मित्रांना आत सोडतो. पाऊस असला तरी.