भरल्या पावसातली भूक

दुष्काळ म्हटलं की डोळ्यांपुढे भेगाळलेली जमीन येते ना? मग आषाढात जुन्नर तालुक्यातल्या मढला या. माळशेजवरून ढग उतरलेले, पाऊस धो धो, शेजारी पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी. आणि इथल्या महादेव कोळी, ठाकर घरांत पूर्वापार उपासमारीचे महिने कोणते? हेच!

हिशेब पाहा. भात, नाचणी, वरई दिवाळीच्या आसपास हाती येतात. डोंगरउतारावरचं तुटपुंजं पीक, उन्हाळा सरेपर्यंत कणगीचा तळ दिसतो. बाळहिरडा विकून आलेले चार पैसे किती पुरणार? मग येते भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी. कष्ट सर्वांत जास्त, धान्य सर्वांत कमी. हिरवंगार पीक डोळ्यांपुढे डोलतंय, पण खायचं काय? सरकारी खावटी कर्जही आदिवासींना मिळायचं ते याच पावसाळी महिन्यांसाठी.

भुकेशी झुंजायची इथली विद्या तर थक्क करते. रानातला कडूकंद घ्या. नुसता शिजवून खाल्ला तर जीभ कडूजहर होते आणि पोटही बिघडतं. म्हणून त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या आणि रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या. चकत्या पातळ का? पाणी आतपर्यंत पोचावं म्हणून. पाणी वाहतंच का हवं? साठल्या पाण्यात उतरलेला कडवटपणा तिथेच राहतो, ओढा मात्र तो सतत वाहून नेतो. विषाचं जेवण करणारी ही पद्धत पहिल्यांदा किती जणांनी पोट धरून शोधली असेल!

नाचणीचीही कमालच. नीट वाळवली तर वर्षानुवर्षं टिकते. दाणा इतका बारीक आणि टणक की कीड सहसा शिरतच नाही.

या सगळ्या युक्त्या अपुऱ्या पडल्या की तो मोठा दुष्काळ. बहात्तरचा दुष्काळ महाराष्ट्रातली जुनी माणसं पावसाच्या मिलिमीटरांवरून सांगत नाहीत. ती सांगतात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, खडी फोडायचं काम आणि तिथे खायला मिळणारी सुकडी. मे १९७३ मध्ये राज्यभरात जवळजवळ पन्नास लाख माणसं अशा सरकारी दुष्काळी कामांवर होती! त्यातूनच रोजगार हमी योजना रुजली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर पगाराची स्लिप काढून बघा. बहुतेकांचे दरमहा दोनशे रुपये अजून कापले जातात. फेब्रुवारीत तीनशे.