चार तारा, बारा भानगडी

गॅदरिंगच्या बँडमधला सर्वांत दुर्लक्षित प्राणी कोण? ड्रमरला शिट्ट्या मिळतात, लीड गिटारवाल्याचे फोटो निघतात, गाणाऱ्याला तर सगळंच मिळतं. बेसवाला बिचारा कोपऱ्यात. तो वाजवतोय हे कोणाच्या लक्षात येत नाही. पण तो दोन मिनिटं थांबला की मागच्या रांगेतले मेसचे काकासुद्धा म्हणतात, "काहीतरी कमी वाटतंय रे!"

आमच्या म्युझिक ग्रुपकडे एक बेस गिटार आहे. कुठल्या बॅचने घेतला कोणालाच माहीत नाही. दोन वर्षं तो कॉमन रूमच्या कपाटावर, कॅरम बोर्डाच्या मागे पडून होता. तारा गंजलेल्या आणि सैल. पहिल्या पाच फ्रेट्सवर वाजवलं की 'झर्रर्र', ऍम्पला लावला की नुसतं 'घूंऽऽ'. सिनिअर्सचं एकमत झालं होतं, "भंगार आहे, नवीन घ्या." अकरा जणांनी वर्गणी काढली, ती जमली सहा हजार चारशे. एवढ्यात धड नवीन बेस येत नाही, आणि फालतू आला तर अकरा जणांचे पैसे पाण्यात. गॅदरिंगला उरले होते तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत जे शिकलो ते इथे लिहितोय, कारण हा प्रश्न पुढच्या वर्षी तुमच्यापुढेही येणार आहे.

आधी थोडी थिअरी (घाबरू नका, वायवा नाही)

बेसच्या चार तारा म्हणजे ई, ए, डी आणि जी. साध्या गिटारच्या वरच्या चार जाड तारांचेच हे स्वर, फक्त एक सप्तक खाली. सर्वांत जाड ई तार सेकंदाला ४१ वेळा कंप पावते, जी तार ९८ वेळा. इतका खर्जाचा स्वर काढायचा तर तार जाड हवी आणि लांब हवी. म्हणून साध्या गिटारची कंप पावणारी तार साधारण ६४८ मि.मी. असते, तर नेहमीच्या बेसची ३४ इंच, म्हणजे ८६४ मि.मी. याला म्हणतात स्केल. ३० इंची 'शॉर्ट स्केल' बेसही मिळतात. तार आणि स्वर तोच ठेवला तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. हिशोब केलात तर ३० इंचीत ताण २२ टक्क्यांनी कमी निघेल. बोटं लहान असतील किंवा नवशिके असाल तर हा सोपा, पण तारा जरा लुळ्या लागतात.

चारही तारांचा मिळून ताण येतो साधारण ७५ ते ८० किलो. म्हणजे मेसचं जेवण मानवलेला एक धडधाकट मुलगा बेसच्या मानेला चोवीस तास लोंबकळतोय असं समजा. मान पुढे वाकणारच. तिला सरळ ठेवायला लाकडाच्या आत एक लोखंडी सळई घातलेली असते, ती ट्रस रॉड. तारा पुढे ओढतात, रॉड मागे ओढतो. या दोघांचा तह झाला की बेस वाजतो, आणि तह मोडला की सिनिअर्स म्हणतात भंगार!

स्वस्त म्हणजे हलका नव्हे

मुळात हे वाद्यच सोयीसाठी जन्मलं. त्याआधी बँडमध्ये माणसाएवढा उभा डबल बेस असायचा. त्यावर फ्रेट्स नाहीत, स्वर नुसत्या कानाने शोधायचा, आणि गाडीत घालून नेताना मारामार. कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडरने १९५१ साली 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. फ्रेट्समुळे स्वर नेमका लागतो म्हणून नाव प्रिसिजन. गंमत म्हणजे फेंडर रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, स्वतः त्याला गिटार वाजवता येत नव्हती! त्याने बॉडी एका सपाट फळीतून कापली आणि मान चार स्क्रूंनी जोडली. मान खराब झाली तर स्क्रू काढा, दुसरी बसवा. आजच्या बहुतेक स्वस्त बेसची रचना अजून तीच आहे. म्हणूनच ते आपल्यासारख्यांच्या हातात दुरुस्त होऊ शकतात.

बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर बेस घेतला तो सुमारे ३० पौंडांना, कारण फेंडर परवडत नव्हता. पुढे त्याच बेसवर बीटल्सची सुरुवातीची गाणी रेकॉर्ड झाली. १९७२ साली तो चोरीला गेला आणि थेट २०२४ साली सापडल्याची बातमी आली. आणि आपल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी खास : 'क्वीन' बँडचा बेसवाला जॉन डीकन हा लंडनच्या चेल्सी कॉलेजचा १९७१ सालचा इलेक्ट्रॉनिक्स पदवीधर. कचऱ्यात सापडलेलं एक सर्किट बोर्ड त्याने छोट्या स्पीकरच्या डब्यात बसवून बॅटरीवर चालणारा ऍम्प केला, आणि क्वीनच्या रेकॉर्डिंगमध्ये तो खरोखर वापरला गेला. तेव्हा जर्नल कॉपी करताना निराश होऊ नका.

दुकानात काय बघायचं?

नवीन घ्या की सेकंडहँड, एक नियम पाठ करा : लाकडाचा दोष दिसला की उठा, लोखंडाचा दोष दिसला की भाव पाडा, वायरीचा दोष दिसला की मनातल्या मनात हसा.

लाकडाचा दोष म्हणजे मुख्यतः मान. बेस बंदुकीसारखा डोळ्यापुढे धरा आणि मानेच्या दोन्ही कडांवरून नजर टाका. थोडी पुढे वाकलेली असेल तर चालेल, ती रॉडने सुधारते. पण एक कड एकीकडे आणि दुसरी दुसरीकडे, म्हणजे मान पिळलेली असेल, तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. रॉडचा नट फिरतो का हे दुकानदारालाच फिरवून दाखवायला सांगा. तो आधीच पूर्ण आवळलेला असेल तर पुढे सुधारायला जागाच नाही.

मग चारही तारांवर प्रत्येक फ्रेट वाजवून बघा. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या. एखाद्याच ठिकाणी झरझर येत असेल तर तिथला पुढचा फ्रेट वर उठलाय. एटीएम कार्डाची कड तीन फ्रेट्सवर टेकवा, कार्ड डुगडुगलं की मधला उंच. खरखरणारा व्हॉल्यूम, सैल जॅक, गंजक्या तारा हे सगळं शे-दोनशेपासून दोन हजारांत निस्तरतं, पण भाव करताना मात्र फार गंभीर चेहऱ्याने दाखवायचं.

स्क्वायर (हा फेंडरचाच स्वस्त ब्रँड), यामाहा, आयबनेज, कोर्ट या कंपन्यांचे सुरुवातीचे बेस डोळे झाकून नव्हे, पण निर्धास्त बघावेत. पाच-सहा तारांच्या मोहात पडू नका. त्याच किमतीत तारा वाढल्या की बाकी कुठेतरी काटकसर झालेली असते.

सेटअप : पाव फेऱ्याचं शास्त्र

आता आमच्या भंगाराकडे येऊ. दोन वर्षं तारा सैल, रॉड मात्र आवळलेला. म्हणजे रॉडने एकतर्फी लढाई जिंकली आणि मान मागे वाकली. पहिल्या फ्रेट्सवर झरझर येण्याचं कारण हे. मला तेव्हा एवढं कळत नव्हतं. "काहीतरी ढिलं झालंय" असं ठरवून मी ऍलन की घातली आणि एक पूर्ण फेरा आवळला. त्यानंतर एकही स्वर धड वाजेना. त्या रात्री मला झोप लागली नाही. वर्गणीचे पैसे तसेच होते, पण असलेला बेस मी घालवला असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी बेस घेऊन फिटिंग शॉपच्या मामांकडे गेलो. त्यांनी आयुष्यात बेस हातात धरला नव्हता. मानेवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "उलटा वाकलाय की रे. ढिला कर. पण पाव फेरा, आणि मग थांब. लाकूड आहे ते, लेथवरचा जॉब नाही." मग त्यांनी फीलर गेज काढून दिलं. खरं सेटअप तिथून सुरू झालं. क्रम असा :

१. आधी तारा पूर्ण स्वरात लावा. ताण नसताना मान तपासण्यात अर्थ नाही.

२. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि जिथे मान बॉडीला मिळते त्या फ्रेटवर दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांत ०.३ ते ०.४ मि.मी. फट हवी. कमी असेल तर रॉड ढिला, जास्त असेल तर घट्ट. एका वेळी पाव फेराच, मग पुन्हा स्वर लावा आणि मोजा. जोर लावावा लागला तर थांबा.

३. मग तारांची उंची. १७व्या फ्रेटवर जाड तारेखाली २.४ मि.मी. आणि बारीक तारेखाली २ मि.मी. ही सुरुवात चांगली. ब्रिजवरच्या छोट्या घोड्यांचे स्क्रू फिरवून ती जमते.

४. शेवटी इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून स्वर काढा, मग तिथेच दाबून काढा. दोन्ही ट्यूनरवर सारखे हवेत. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडी मागे न्या, उतरता असेल तर पुढे.

लक्षात ठेवायला सोपं : झरझर सुरुवातीच्या फ्रेट्सवर असेल तर रॉड बघा, शेवटच्या फ्रेट्सवर असेल तर उंची. तंबोऱ्यात हीच झरझर मुद्दाम काढतात. मिरजेचे कारागीर घोडी घासून, तारेखाली सूत घालून जी जवारी लावतात, ती हीच तार हलकेच टेकण्याची करामत. तिकडे ती कला, इकडे ती तक्रार!

नवीन तारांच्या आधी आम्ही जुन्या तारा दहा मिनिटं पाण्यात उकळून पाहिल्या. वेढ्यांतला घाम आणि मळ निघतो आणि काही दिवस आवाज खरंच उजळतो. पातेलं मात्र मेसचं घेऊ नका. मावशींनी आम्हाला त्या दिवशी जे ऐकवलं ते मासिकात छापता येणार नाही.

सोल्डरिंग गन उचलण्याआधी

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती हजारो वेढ्यांची तार. पोलादी तार हलली की कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं, फॅरडेचा नियम. पण हीच कॉइल ट्यूबलाइट आणि पंख्याची घूंऽऽही पकडते. फेंडरने १९५७ साली प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांत केला. दोन्ही उलटे जोडलेले आणि चुंबकही उलटे, त्यामुळे तारेचा आवाज जमा होतो आणि घूंऽऽ वजा होते.

तपासणी सोपी आहे. तारांना हात लावल्यावर घूंऽऽ कमी झाली तर ग्राउंड ठीक, फक्त आतल्या खोबणीला तांब्याची पट्टी चिकटवून ती ग्राउंडला जोडा. हात लावल्यावर वाढली तर ब्रिजकडून येणारी ग्राउंड वायर तुटली असण्याची शक्यता मोठी. आमची तुटलेलीच होती! व्हॉल्यूम आणि टोनला २५० किलोओहमचे पॉट आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हा नेहमीचा मेळ. पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड, कुठेही मिळेल.

आता एक गोष्ट मस्करी सोडून. बेसच्या तारा वायरीमार्फत ऍम्पच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेल्या असतात. म्हणून ऍम्पची अर्थिंगची पिन कधीही तोडू नका, आणि अर्थिंग नसलेल्या बोर्डात टू-पिन लावून चालवू नका. १९७२ साली वेल्समधल्या स्वानसी शहरात लेस हार्वी हा गिटारवादक स्टेजवर गिटार हातात असताना माइकला हात लावताच विजेच्या धक्क्याने गेला. कार्यक्रमाआधी कॉलेजच्या इलेक्ट्रिशियनकडून बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या, त्याला चहा पाजा. शिवाय गिटारच्या छोट्या ऍम्पवर बेस फुल्ल आवाजात वाजवू नका, स्पीकरचा पडदा फाटतो.

स्वतः बनवायचा असेल तर

बॉडी कार्पेंटरी शॉपमध्ये होऊ शकते, साडेचार सें.मी. जाडीची नीट वाळलेली फळी पुरते. मान मात्र पहिल्या वेळी तयारच घ्या. पहिला फ्रेट नटपासून ४८.५ मि.मी.वर, पुढचे प्रत्येक अंतर आदल्याच्या १.०५९४६ पट कमी. गणित सोपं आहे, पण अर्ध्या मिलिमीटरची चूकही कानाला कळते. ब्रिजची जागा सर्वांत महत्त्वाची : नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत ४३२ मि.मी., तिथून घोडीपर्यंत तेवढंच आणि वर दोन-तीन मि.मी. सरकायला. आणि चुकलंच तर रोलिंग स्टोन्सच्या बिल वायमनला आठवा. त्याने १९६१ साली एका जुन्या स्वस्त बेसचे फ्रेट्सच उपटून टाकले आणि तो तसाच वाजवला.

हिशोब

तारा १९००, तांब्याची पट्टी ३५०, पॉट-कपॅसिटर-जॅक २९०, चांगली केबल ६५०. एकूण ३१९०. उरलेले ३२१० रुपये पुढच्या तारांसाठी ग्रुपकडे जमा आहेत. गॅदरिंगला बेस वाजला. कोणी बेसवाल्याचा फोटो काढला नाही, पण मेसचे काका "या वेळी भरल्यासारखं वाटलं" म्हणाले. फिटिंग शॉपचे मामा पहिल्या रांगेत होते.

आता तो बेस कपाटावर नाही, बॅगेत आहे. बॅगेच्या खिशात ऍलन कीचा सेट आणि एक वही आहे. कोणत्या तारखेला रॉड किती आणि कुठल्या दिशेने फिरवला ते सगळं त्यात लिहिलंय. ज्युनिअर्सनो, पुढचं पान तुमचं. पावसाळ्यात मान थोडी हलेल, तेव्हा घाबरू नका. पाव फेरा, आणि मग थांबा. आणि हो, मामांचं फीलर गेज परत द्यायला विसरू नका!