वाक्याच्या पोटात वाक्य

'मी गणूनं शांतानं आणलेला आंबा खाल्ला असं ऐकलं.' हे कळतं. आता ऐका : 'मी गणूनं शांतानं भावानं पाठवलेल्या पैशांनी आणलेला आंबा खाल्ला असं ऐकलं.' व्याकरणाची चूक नाही, पण कोणी काय केलं ते मनात मावेनासं होतं.

नेमकं इथंच बोट ठेवलं इयान वॉटसन या इंग्रज लेखकानं. १९६७ ते १९७० या काळात तो टोकियोत इंग्रजी शिकवत होता. (जपानीतही आपल्यासारखं क्रियापद शेवटी येतं बरं का!) विज्ञानकथा लिहायला लागला तो तिथंच. 'द एम्बेडिंग' ही त्याची पहिली कादंबरी १९७३ साली आली. तिच्यात इंग्लंडमधल्या एका संस्थेत लहान मुलांना जगापासून तोडून, वाक्यात वाक्य कोंबलेली कृत्रिम भाषा शिकवतात. ती पेलावी म्हणून औषधही देतात. भाषा बदलली की जग वेगळं दिसेल, ही आशा. मुलांच्या मेंदूला मात्र ते झेपत नाही.

परग्रहवासीही आहेत, भाषांचा सौदा करायला आलेले. पण मला त्यांच्यापेक्षा भीती वाटली ती ख्रिस सोल या भाषाशास्त्रज्ञाची. त्याला या मुलांचा लळा आहे, आणि तरी तो त्यांना शिकवतच राहतो.